चाकाचा खुबा

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

आज मुठीएवढ्या एका लोखंडी भागाबद्दल बोलायचं आहे. रस्त्यावरून रोज कितीतरी पिकअप गाड्या आपल्या बाजूनं जातात. पहाटे भाजी घेऊन मार्केट यार्डाकडे, दुपारी सिमेंट नाहीतर फरश्या घेऊन बांधकामावर, लग्नसराईत मांडवाचं सामान घेऊन कुठल्या तरी गावाला. यांतल्या काही गाड्यांची पुढची चाकं ज्या सांध्यांवर उभी असतात, त्यांना गॅरेजमध्ये ‘बॉल जॉइंट’ म्हणतात. इंजिनाचं ऑइल, टायरमधली हवा, बॅटरीचं पाणी यांची चौकशी मालक करतो. बॉल जॉइंटची चौकशी सहसा कुणी करत नाही, कारण तो दिसत नाही आणि बरेच दिवस तक्रारही करत नाही.

शाळेत शरीरशास्त्राच्या धड्यात ‘उखळीचा सांधा’ शिकवलेला तुम्हाला आठवत असेल. मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं, म्हणून पाय पुढे-मागे, बाजूला, गोल असा कसाही फिरतो. गुडघ्याला ते जमत नाही. तो बिजागरीसारखा एकाच दिशेनं वाकतो. बॉल जॉइंट म्हणजे चाकाचा खुबाच. एका पोलादी दांड्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा, तो गोळा एका वाटीत अडकवलेला, वाटीला आतून प्लॅस्टिकचं किंवा धातूचं अस्तर, मध्ये ग्रीस, आणि धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून वरून रबराची टोपी. या टोपीला ‘बूट’ म्हणायची पद्धत आहे. रचना एवढीच.

हा खुबा लागतो कशाला? पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करावी लागतात. खड्डा आला की खाली-वर व्हायचं आणि स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे वळायचं. चाक, त्याचं बेअरिंग आणि ब्रेक हे सगळं एका जाड लोखंडी तुकड्यावर बसवलेलं असतं. त्याला ‘नकल’ म्हणतात. हा नकल चॅसीला जोडतात तो दोन आर्मच्या मदतीनं, एक वर आणि एक खाली. वरच्या आर्मच्या टोकाला एक बॉल जॉइंट, खालच्या आर्मच्या टोकाला दुसरा. दाराला जशा वर-खाली दोन बिजागऱ्या असतात आणि त्यांच्या रेषेवर दार फिरतं, तसा नकल या दोन गोळ्यांच्या रेषेवर फिरतो. फरक इतकाच की या दाराची चौकटसुद्धा सारखी वर-खाली होत असते. साधी बिजागरी तिथे टिकली नसती.

इथे एक खुलासा. सगळ्याच पिकअपना बॉल जॉइंट नसतात. आपण ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतो त्या टाटा एसला पुढे सरळ आडवा अ‍ॅक्सल आणि पाटे असतात. तिथे नकल फिरतो तो एका जाड खिळीवर, तिचं नाव किंग पिन. अवजड मालाच्या गाड्यांत अजूनही हीच पद्धत चालते आणि ती दणकट आहे. मोटारींमध्येही पूर्वी किंग पिनच असे. अमेरिकेत १९५२ साली लिंकन गाडीला पुढे बॉल जॉइंट आले आणि मग इतरांनी ते उचलले. टाटाची झेनॉन, इसुझूची डी-मॅक्स, टोयोटाची हायलक्स या पिकअपना मी आत्ता सांगितली तशी दोन आर्मची रचना आहे. तेव्हा आधी गाडीखाली वाकून बघावं. दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा अ‍ॅक्सल आणि पाटे दिसले, तर पुढचं बोलणं तुमच्या गाडीला लागू नाही. प्रत्येक चाकाला आपापले आर्म आणि गुंडाळी स्प्रिंग नाहीतर टॉर्शन बार दिसला, तर लागू आहे.

आता या दोन सांध्यांपैकी गाडीचं वजन कोण पेलतं? सगळ्या विषयाची किल्ली या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबू. वजनाची वाट शोधायची. चॅसीचं वजन स्प्रिंगवर येतं. स्प्रिंग टेकलेली असते खालच्या आर्मवर. खालच्या आर्मवरून वजन जातं खालच्या बॉल जॉइंटवर, तिथून नकलवर, नकलवरून चाकावर आणि चाकावरून रस्त्यावर. म्हणजे खालचा सांधा हमालासारखा ओझं घेऊन चोवीस तास उभा आहे. गाडी घरासमोर लावून तुम्ही झोपलात तरी तो उभाच आहे. वरचा सांधा फक्त नकलचं डोकं सरळ धरून ठेवतो. काही गाड्यांत स्प्रिंग वरच्या आर्मवर असते. तिथे हमाल वरचा. टॉर्शन बार असेल तर तो ज्या आर्मला जोडलेला असेल, त्या आर्मचा सांधा ओझं पेलतो.

पिकअपचा माल तर मागच्या अंगाला असतो, मग पुढच्या सांध्याला त्याचं काय, असं कुणी विचारेल. सपाट रस्त्यावर हे बरंचसं खरंही आहे. पण घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. शिवाय भरलेली गाडी थांबवायला जोर जास्त लागतो, आणि त्या जोराचा मोठा वाटा पुढच्या चाकांच्या ब्रेकला उचलावा लागतो. ब्रेक लागतो तेव्हा खालचा सांधा मागे ढकलला जातो आणि वरचा पुढे. म्हणजे घाटात, भरल्या गाडीत, वळणावर, ब्रेक दाबलेला असताना या मुठीएवढ्या भागावर एकदम तीन बाजूंनी ताण येतो. झिजलेला सांधा सुटला तर तो नेमका अशा वेळी सुटण्याची भीती असते.

सुटतो म्हणजे काय होतं? गोळा वाटीतून बाहेर येतो. खालचा सांधा सुटला की चाकाची खालची बाजू बाहेर फेकली जाते, चाक आडवं होऊ लागतं आणि गाडीचा तो कोपरा धपकन खाली बसतो. स्टिअरिंग हातात असतं, पण त्याचं चाकाशी नातं उरत नाही. ब्रेकचा रबरी पाइपही ताणून तुटू शकतो. गाडी वळवताना, अंगणात, चालण्याच्या वेगात असं झालं तर फक्त क्रेन बोलवावी लागते. हमरस्त्यावर झालं तर काय, ते सांगायला नको.

ही भीती कल्पनेतली नाही. टोयोटासारख्या कंपनीनं २००५ साली टॅकोमा पिकअप आणि फोररनर अशा सुमारे साडेसात लाख गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या. बनवतानाच गोळ्याच्या पृष्ठभागावर चरे पडले होते आणि त्यामुळे सांधा लवकर झिजून ढिला होऊ शकत होता. पुन्हा २००७ साली अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि सेक्वाया मिळून ५ लाख ३३ हजारांच्या आसपास गाड्यांवर तीच वेळ आली. या गाड्या आपल्याकडे विकल्या जात नव्हत्या, पण मुद्दा गाडीच्या नावाचा नाही. डोळ्यांना न दिसणारे चरे गोळ्यावर पडले म्हणून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागतात, तर आपल्या रस्त्यांवर फाटक्या बुटातून वाळू आत गेल्यावर त्याच गोळ्याचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

आणि सुरुवात होते ती बुटापासूनच. रबर उन्हानं, वयानं, कधी खडा लागून चिरतं. पावसाळ्यात गाडी पाण्यातून जाते, गढूळ पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि उरलेल्या ग्रीसमध्ये बारीक वाळू मिसळते. मग ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपरचं काम करतं. सर्व्हिसिंगला जोराच्या फवाऱ्यानं गाडी खालून धुतात, तो फवारा थेट बुटावर धरला तर तेही वाईटच. रुबाबासाठी रुंद टायर आणि बाहेर आलेल्या डिस्क बसवतात, त्यानं सांध्यावरचा ताण वाढतो. ओव्हरलोडिंगबद्दल वेगळं बोलत नाही, त्यावर एक अख्खं भाषण होईल.

झिजलेला सांधा काही खुणा देतो, पण त्या फसव्या असतात. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘कट्’ असा एकच आवाज येतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की गंजलेल्या दारासारखी कुरकुर होते. सरळ रस्त्यावर गाडी थोडी इकडे-तिकडे ओढते, सारखं सावरावं लागतं. टायर एकाच कडेनं खाल्ला जातो. यांतलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानंही दिसू शकतं. आवाज शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचा असेल, ओढणं टायरमधल्या हवेचं असेल. म्हणून लक्षणावरून भाग बदलत सुटू नये. उलट, काही सांधे आवाज न करताच पार झिजतात. तेव्हा आवाज नाही म्हणजे सांधा ठीक, असंही नाही. हात लावून तपासणं हाच उपाय.

या तपासणीतच गॅरेजमध्ये सर्वांत जास्त घोटाळा होतो. नेहमीची पद्धत अशी, की चॅसीखाली जॅक लावायचा, चाक उचलायचं, दोन्ही हातांनी धरून हलवायचं, आणि हललं नाही की ‘साहेब, गाडी ओके आहे’ म्हणायचं. पण मघाशी आपण वजनाची वाट पाहिली. चॅसीखाली जॅक लावला की चाक लोंबकळतं, तरी बहुतेक वेळा स्प्रिंग खालच्या आर्मला खाली रेटतच असते. वरचा आर्म त्याच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन टेकतो आणि मधला नकल ताणला जातो. सांधा कितीही झिजलेला असो, गोळा वाटीच्या एका बाजूला घट्ट दाबून बसतो आणि त्यातली ढिलाई दिसतच नाही. गड्याच्या डोक्यावर पोतं ठेवून त्याची मान दुखते का पाहण्यासारखं हे आहे. पोतं उतरवल्याशिवाय मान हलणार नाही.

पोतं उतरवायचं म्हणजे जॅक खालच्या आर्मखाली, सांध्याच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ लावायचा. चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं की पुरे. आता स्प्रिंग जॅकवर दाबलेली राहते आणि सांधा मोकळा होतो. मग टायरखाली पहार घालून चाक हळूच वर उचलायचं आणि दुसऱ्या माणसानं बॅटरीच्या उजेडात सांध्याकडे बघायचं. नकल आणि आर्म यांच्यात वर-खाली हालचाल दिसते का? पहार दांडगाईनं मारायची नाही. भरपूर जोर लावला तर चांगल्या सांध्यातही थोडी हालचाल निघते. किती हालचाल चालते, हे गाडीगाडीवर अवलंबून आहे. काही कंपन्या अजिबात नको म्हणतात, काही किंचित मान्य करतात. आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, मेकॅनिकच्या अंदाजात नाही.

त्यानंतर टायर वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवायचा. ढिलाई जाणवली तर ती बेअरिंगची की बॉल जॉइंटची, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकनं चाक आणि नकल एकजीव होतात. तेवढ्यात हालचाल थांबली, तर दोष बेअरिंगमध्ये. तरीही चाक हलत असेल, तर सांधा गेलेला. तीन आणि नऊच्या जागी धरून ढिलाई आली, तर बहुधा टाय रॉडचं टोक बघावं लागतं. तो स्टिअरिंगकडून येणारा दांडा, तिथेही छोटा बॉल जॉइंटच असतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असलेल्या गाडीत मात्र हे सगळं उलटं करावं लागतं. जॅक चॅसीखाली लावायचा आणि वरचा आर्म खाली येऊ नये म्हणून त्याला ठोकळ्याचा आधार द्यायचा.

मालवाहू गाडीला ठराविक मुदतीनं पासिंग करून घ्यावं लागतं, त्यात हे पाहिलं जाईल असं म्हणून काही मालक निवांत असतात. पासिंग त्या दिवसापुरतं खरं. एका पावसाळ्यात फाटलेल्या बुटाला पुढच्या पासिंगपर्यंत भरपूर वेळ मिळतो. गाडी रोज खडीच्या रस्त्यावर जात असेल, तर टायर बदलताना किंवा ब्रेकचं काम निघालं की त्याच जॅकवर पाच मिनिटं सांधे बघून घ्यावेत, असं मला वाटतं.

सांधा गेला हे ठरल्यावर दोन रस्ते समोर येतात. एक, नवा टाकणं. दुसरा, ‘रिपेअर’. झिजलेली वाटी दाबून पुन्हा घट्ट करायची, आत नायलॉनचा तुकडा भरायचा, कडेनं वेल्डिंग मारायचं, असे उद्योग काही ठिकाणी चालतात आणि थोडे दिवस आवाज बंद होतो. गोळ्याचा गोलपणा मात्र गेलेला असतो, तो वेल्डिंगनं परत येत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं पोलादाला दिलेलं पाणी उतरतं ते वेगळंच. ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या भागांत काटकसर करायची असेल तर ती दुसरीकडे करावी. बहुतेक पिकअपचा एक बॉल जॉइंट एका नव्या टायरपेक्षा स्वस्त असतो, आणि झिजलेला सांधा टायर खातो, हा हिशोब मालकानं एकदा मांडून बघावा.

बदलण्याचं काम कसं चालतं, ते आता सांगतो. हे ऐकून घरच्या अंगणात पाने घेऊन बसा, असा त्याचा अर्थ नाही. ज्याच्याकडे प्रेस, पुलर, टॉर्क रेंच आणि भक्कम स्टँड नाहीत, त्यानं हे काम अंगावर घेऊ नये. पण गॅरेजमध्ये उभं राहून काम बघताना कुठे लक्ष ठेवायचं, हे गाडीमालकाला माहीत असलेलं बरं.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर हवी आणि मागच्या चाकांना ओट लावलेला हवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. मग गाडी उचलून चॅसीखाली स्टँड द्यायचा. निव्वळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही हात घालू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. दुसरा जॅक खालच्या आर्मखाली लागतो आणि काम संपेपर्यंत तो तिथून हलत नाही. कारण? दाबलेल्या स्प्रिंगला मोकळं व्हायचं असतं आणि आतापर्यंत तिला सांध्यानं अडवलेलं असतं. सांधा सोडवताना आर्मखाली जॅक नसेल, तर आर्म सुसाट खाली येतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत गुंडाळी स्प्रिंग सुटी असते, ती तर तोफगोळ्यासारखी बाहेर उडू शकते. माणसाचा जीव जाण्याइतकी ताकद तिच्यात असते. टॉर्शन बारच्या गाडीत आधी तो बार सैल करावा लागतो, आणि सैल करण्यापूर्वी त्याचा बोल्ट किती बाहेर आहे ते मोजून खूण करायची असते. नाहीतर गाडी नंतर एका अंगानं वाकडी उभी राहते.

चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर सोडवला, की तो तारेनं वर बांधून ठेवायचा. रबरी पाइपवर लोंबकळत ठेवला की पाइप आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. एबीएसची वायर असेल तर तीही बाजूला घ्यायची. मग येतो खरा झगडा, दांडा नकलमधून सोडवण्याचा.

बॉल जॉइंटचा दांडा सरळ नसतो, एका बाजूला निमुळता असतो, आणि नकलमधलं भोकही तसंच निमुळतं असतं. नट आवळला की दांडा भोकात ओढला जाऊन पाचरीसारखा बसतो. घरात स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की ओढून निघत नाहीत, तसं हे होतं. नट काढला तरी दांडा जागचा हलत नाही. पेले सोडवताना आपण काय करतो? बाहेरच्या पेल्यावर बाजूनं टकटक करतो. इथेही तेच. नकलच्या ज्या जाड भागात दांडा बसलेला आहे, त्याच्या कडेवर हातोड्याचे नेमके घाव घालायचे. त्या धक्क्यानं भोक क्षणभर किंचित आकार बदलतं आणि दांडा ‘टक्’ करून सुटतो. पुलर लावला तर आणखी चांगलं. दांड्याच्या आट्यांवर थेट घण घालणारा कारागीर दिसला तर त्याला थांबवा. दुबेळक्याच्या आकाराची पाचर ठोकूनही सांधा सुटतो, पण बूट फाटतो. जुना सांधा फेकायचाच असेल तर चालेल. तोच परत बसवायचा असेल तर नाही.

एक गोष्ट मात्र अनुभवी मेकॅनिक कधी चुकवत नाही. घाव घालण्यापूर्वी स्प्लिट पिन काढून तो नट चार-पाच आटे सैल करतो, पण पूर्ण काढत नाही. पाचर सुटल्याक्षणी आर्म उसळतो तो त्या नटावर येऊन थांबतो. मग आर्मखालच्या जॅकचा आधार आहे ना हे बघून नट काढायचा आणि जॅक हळूहळू उतरवायचा.

सांध्याचं दुसरं अंग आर्मला कसं जोडलेलं आहे, त्यावर पुढचं काम अवलंबून असतं. बोल्टनं जोडलेला असेल तर काम सोपं. काही गाड्यांत कारखान्यातच रिव्हेट मारलेले असतात. त्यांची डोकी ड्रिलनं उडवावी लागतात आणि नव्या सांध्याबरोबर बोल्ट येतात. तिसरा प्रकार दाबून बसवलेल्या सांध्याचा. तो सी आकाराच्या प्रेसनं दाबून काढायचा आणि तसाच, सरळ रेषेत, दाबून बसवायचा. हातोड्यानं ठोकून बसवला तर आर्मचं भोक लंबगोल होतं आणि नवा सांधा त्यात कधीच घट्ट बसत नाही. काही गाड्यांना तर सुटा सांधा मिळतच नाही, आख्खा आर्म घ्यावा लागतो. महाग पडतो, पण बुशही नवे मिळतात.

नवा सांधा बसवताना निमुळतं भोक कापडानं पुसून कोरडं करायचं. इथे पुष्कळ जण चांगुलपणानं ग्रीस लावतात. तसं करू नये, कारण पाचरीची पकड कोरड्या घर्षणावर असते. नट टॉर्क रेंचनं कंपनीनं दिलेल्या मापाला आवळायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी किंचित आवळून जुळवायचं. भोक जुळवण्यासाठी नट मागे फिरवायचा नाही. स्प्लिट पिन नवीच हवी. जुनी सरळ करून वापरली तर ती दुसऱ्यांदा वाकताना मोडते, आणि चार-दोन रुपयांच्या त्या तारेवर नट सुटणार की नाही हे ठरत असतं. नायलॉनच्या कड्याचा नट असेल तर तोही एकदाच वापरायचा. ग्रीस निपल असलेल्या सांध्यात बूट किंचित फुगेपर्यंत ग्रीस भरायचं. तो टम्म होईपर्यंत भरलं तर शिवण फाटते आणि नव्या सांध्याचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं. निपल नसलेले सांधे कारखान्यातूनच भरून येतात, त्यांना काही करावं लागत नाही. बूट फाटला की मात्र त्यांना उपाय नाही.

दुसऱ्या बाजूचाही सांधा बदलावा का? दोन्ही चाकं त्याच रस्त्यावर तितकेच किलोमीटर चाललेली असतात. मी तरी बदलावा असं म्हणेन. पण दुसरी बाजू तपासून मापात निघाली आणि बूट धड असला, तर थोडं थांबायला हरकत नाही. निदान तपासल्याशिवाय गाडी उतरवू नये.

काम झालं की व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. आर्मचे बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, नाहीतर बुश पिळलेले राहून लवकर फाटतात. चाकाचे नट थोडं चालवल्यानंतर पुन्हा एकदा तपासायचे.

आणि जुना सांधा गॅरेजमधून मागून घ्या. तुमच्याच पैशाचा भाग आहे तो. नवा सांधा हातात घेतला तर त्याचा दांडा हलवायला बऱ्यापैकी जोर लागतो. झिजलेल्याचा दांडा हात वाकडा केला की आपल्याच वजनानं इकडून तिकडे पडतो, खुळखुळ्यासारखा. बूट कापून पाहिलंत तर आत ग्रीसच्या जागी तांबडा गंज आणि वाळू मिसळलेला चिखल दिसेल. तो गाडीच्या ड्रायव्हरलाही दाखवा.